थेंबमावशी आणि साठ लिटर समुद्र

थेंबमावशींना हे नाव पडलं तेव्हा त्या कुणाच्या मावशी शोभायच्या वयाच्याही नव्हत्या. पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत त्या चोविसाव्या वर्षी लागल्या. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी त्यांना उभ्या काचनळीसमोर बसवलं आणि सांगितलं, "धार सोडणारे इथे पुष्कळ आहेत. तुम्ही थेंब सोडा." मावशींनी ते मनावर घेतलं. खालच्या पात्रातल्या पाण्याचा रंग पालटेपर्यंत वरून एकेक थेंब सोडायचा, आकडा वहीत लिहायचा, पात्र विसळायचं आणि पुढचा नमुना घ्यायचा, हे त्यांनी चौतीस वर्षं केलं. बरोबरीच्या बायका म्हणायच्या, "मावशींना रडू आलं तरी त्या आधी मोजतील." नवरा गेला त्या वर्षी मात्र ही थट्टा कुणी केली नाही.

निवृत्त होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा लेकीचा फोन आला. लेक पहिलटकरीण, बाळ दोन महिन्यांचं. बाळंतपणाचा पहिला महिना मावशी तिच्याकडे राहून आल्या होत्या आणि सगळं ठीक बघूनच परतल्या होत्या.

"आई, येतेस का?" लेक म्हणाली. "मला काही सुचत नाही गं. डोकं सारखं धरलेलं असतं."

"झोप होत नसेल."

"झोपच झोप आहे. बाळही झोपतं, मीही झोपते. तरी उठवत नाही."

मावशींनी दुसऱ्या दिवशीची गाडी पकडली.

घर एका अरुंद गल्लीत होतं, बैठं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला लागूनच न्हाणीघर, आणि अंघोळीचं पाणी तापवायचा गॅसचा बंब स्वयंपाकघरातल्या भिंतीवर. थंडीचे दिवस होते. जावयांनी बाळासाठी घर असं काही बंदिस्त केलं होतं की मुंगीनं आत यायचं म्हटलं तरी तिला वाट विचारावी लागली असती. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या, स्वयंपाकघरातल्या झरोक्यात जुन्या चादरीचा बोळा, दाराच्या खाली गुंडाळलेलं पोतं. पाळणा पुढच्या खोलीत मावावा म्हणून तिथलं मोठं कपाट त्यांनी एकट्यानं ढकलत स्वयंपाकघरात नेऊन भिंतीला लावलं होतं.

"वारा लागायला नको," जावई म्हणाले. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करत. माणूस बारकाईचा आणि मितभाषी. बायकोवर जीव, मुलीवर त्याहून जास्त, आणि उरलेला सगळा जीव पुढच्या खोलीतल्या काचेच्या टाकीवर.

टाकी साठ लिटरची, खाऱ्या पाण्याची. आत केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, दगडाच्या कपारीत राहणारा एक लाल कोळंबा, आणि चारपाच प्रवाळं. एक हिरवं, हाताच्या बोटांसारखं हलणारं. एक कठीण, फांद्याफांद्यांचं, जांभळ्या टोकांचं. ते जावयांनी नखाएवढं असताना आणून सहा वर्षांत वीतभर केलं होतं. मागच्या मुक्कामात मावशींनी हे पाहिलं होतं, कौतुकही केलं होतं, पण हात लावला नव्हता. दुसऱ्याच्या पाण्यात बोट घालू नये, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं.

या वेळी मात्र टाकीकडे बघताच त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय. हिरवी बोटं मुठीसारखी आखडली होती. कोळंबा दिसत नव्हता. मासे वर, पाण्याच्या तोंडाशी येऊन भराभर कल्ले हलवत होते.

"तीन आठवडे झाले," जावई म्हणाले. "पीएच खाली येतोय. आठ पूर्णांक दोन असायचा. आता सात पूर्णांक सातच्या वर टिकत नाही. रोज पावडर टाकतो. तासभर चढतो, परत उतरतो."

"कसली पावडर?"

"क्षारता वाढवायची."

"आणि क्षारता किती आहे?"

"ती मोजली नाही इतक्यात. पीएच खाली आहे म्हणजे तीही खालीच असणार ना."

मावशींच्या जिभेवर उत्तर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. पीएच म्हणजे पाण्याची आजची तब्येत. ताप किती चढला, उतरला, तेवढं ते सांगतं. क्षारता म्हणजे पाण्याची सोसायची ताकद, आम्ल आलं तर ते पचवून ताळ्यावर राहायची. दोघी एका घरातल्या जावा असतात. बऱ्याचदा एका सुरात बोलतात, पण नेहमी नाही. चौतीस वर्षांत मावशींनी एकीवरून दुसरीचा अंदाज कधी बांधला नव्हता. पण नातं जावयाचं. आल्या दिवशीच शहाणपणा नको.

जेवण झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मी मोजू का एकदा? हातांना सवय आहे, नुसते बसलेत बिचारे."

जावयांनी डबी काढून दिली. छोटी काचेची कुपी, थेंबांची बाटली. पाच मिलिलिटर टाकीचं पाणी, पहिल्या थेंबाला निळं होतं, आणि जितक्या थेंबांनी पिवळं होईल तितकी क्षारता. आठ-नऊ थेंबांना पिवळं झालं की टाकी सुखरूप.

मावशींनी मोजायला सुरुवात केली. आठ झाले, नऊ झाले. पाणी निळंच. अकरा, बारा. तेराव्या थेंबाला कुपीत पिवळं वलय उठलं आणि चौदाव्याला ते टिकलं.

त्यांनी कुपी धुतली, पुन्हा मोजलं. पुन्हा चौदा.

"पावडर बंद करा," त्या म्हणाल्या. "पाण्यात क्षार कमी नाहीत, भरमसाट झालेत. चौदा क्षारता असलेलं पाणी सात पूर्णांक सातवर बसणारच नाही. हे दोन आकडे एका घरात नांदत नाहीत."

"मीटर चुकत असेल," जावई म्हणाले.

"ते मी तपासलं. तुमच्या त्या पुडीतल्या प्रमाणित पाण्यात धरलं, बरोबर दाखवतोय."

"आई, हे नळाचं पाणी नाही." जावयांचा आवाज चढला नव्हता, पण बंद झाला होता, दार लोटून घ्यावं तसा. "समुद्राचं गणित वेगळं असतं. सहा वर्षं मी बघतोय याला."

लेकीनं पाळण्याजवळून आईकडे पाहिलं. नको, असं त्या नजरेत होतं. मावशींनी कुपी पुसून डबीत ठेवली. पण झोपताना त्यांना तेच टोचत राहिलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं काहीतरी इथे चाललं होतं; रेडा कुठे आहे तेवढं सापडत नव्हतं.

सकाळी उठल्या तर त्यांचंही कपाळ जड. प्रवासाचा शीण, त्यांनी ठरवलं. चहाच्याही आधी त्यांनी पाठकोऱ्या कागदावर रेघा आखल्या आणि टाकीचा पीएच दर अर्ध्या तासानं लिहायला घेतला. त्यात कुणाला दुखवण्यासारखं काही नव्हतं.

सहाला सात पूर्णांक नऊ. सातला, जावयांची अंघोळ झाल्यावर, सात पूर्णांक आठ. मग लेकीनं बाळाची दुपटी गरम पाण्यात भिजवली. सात पूर्णांक सात. टाकीवरचा दिवा दहाला लागला. दिवा लागला की प्रवाळांतली हिरवी शेवाळं कामाला लागतात, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात आणि पीएच वर चढतो, हे जावयांनीच मागे एकदा रंगवून सांगितलं होतं. दहाला दिवा लागला. साडेदहाला मावशींनी भांडी गरम पाण्यानं घासली. अकराला सात पूर्णांक सहा.

जे चढायला हवं होतं ते उतरत होतं.

मावशी कागदाकडे बघत बसल्या. असा विचित्र आकडा त्यांनी आयुष्यात एकदा पाहिला होता. नोकरीच्या नवव्या वर्षी, दोन गल्ल्यांच्या नळाच्या नमुन्यात क्लोरीन जवळजवळ सापडतच नव्हतं. वरिष्ठ म्हणाले, नळी धुतली नसेल, पुन्हा करा. त्यांनी पुन्हा केलं, तेच आलं. तिसऱ्यांदा करायला धीर झाला नाही. समोर सगळे बघत होते. त्यांनी रोजचा आकडा लिहून टाकला. चार दिवसांनी त्या दोन गल्ल्यांतली माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. जमिनीखाली नळ फुटून गटाराला मिळाला होता. कुणी दगावलं नाही, कुणी मावशींना विचारलंही नाही. पण त्या दिवसापासून आकडा विचित्र आला की त्या स्वतःला एकच प्रश्न विचारत: आणि हा खरा असला तर?

"आई, बाळाला घेतेस?" आतून लेकीचा आवाज आला. जड, ओढल्यासारखा.

बाळ पाळण्यात निपचित होतं. गाल गुलाबी, चांगले रसरशीत दिसत होते. लेकीनं पाजायला घेतलं तर चार घोट ओढून ते पुन्हा डोळे मिटून पडलं.

"गुणाची आहे," लेक म्हणाली. "हल्ली रडतच नाही. शेजारची म्हणते, नशीब काढलंस."

मावशींनी बाळाच्या तळव्याला नखानं टिचकी दिली. बाळानं पाय आखडला, तोंड वेडंवाकडं केलं, पण आवाज काढला नाही. दोन महिन्यांचं मूल गुणाचं नसतं. ते भुकेला रडतं, ओल्याला रडतं, काही नसलं तरी रडतं.

"डॉक्टरांना दाखवलं होतंस?"

"मागच्या आठवड्यात. वजन भरतंय म्हणाले, सर्दीचे दिवस आहेत, जपा. तिथे गेलो तेव्हा तर चांगली टकटक बघत होती."

तिथे गेलो तेव्हा. हे शब्द मावशींच्या मनात अडकून राहिले, का ते अजून त्यांना कळत नव्हतं.

घरात दूध संपलं होतं. मावशी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आल्या. दहा मिनिटांचा फेरा. परतताना त्यांच्या लक्षात आलं की कपाळावरचा दगड उतरला आहे. घरात शिरल्या, चपला काढल्या, दूध तापायला ठेवलं, आणि ते वर येईपर्यंत दगड परत आला.

आता त्या घाईनं काही करणार नव्हत्या, आणि उशीरही करणार नव्हत्या. वीज गेली तर माशांना हवा मिळावी म्हणून जावयांनी बॅटरीवर चालणारे दोन छोटे पंप ठेवले होते. मावशींनी दोन वाडग्यांत टाकीचं पाणी घेतलं. एक वाडगा टाकीशेजारी ठेवून त्यात पंपाची नळी सोडली. दुसरा वाडगा बाहेर, दाराच्या पायरीवर. पाणी तेच, पंप तसाच. फरक फक्त हवेचा. आतल्या वाडग्यात घरातली हवा बुडबुडत होती, बाहेरच्यात गल्लीतली.

तासभर त्या पायरीवर बसून राहिल्या. मधे दोनदा आत जाऊन बाळाचा श्वास पाहून आल्या. लेकीला म्हणाल्या, "जरा बाहेर येऊन बस, ऊन आहे."

"अंघोळ करते आधी. अंग नुसतं आंबलंय."

"थोडं थांब ना."

"बरं," लेक म्हणाली आणि पलंगावर टेकली.

तास भरला. मावशींनी मीटर धरला. बाहेरचा वाडगा: आठ पूर्णांक चार. त्या आत गेल्या. आतला वाडगा: सात पूर्णांक सहा. पुन्हा बाहेर आल्या, पुन्हा धरला. आठ पूर्णांक चार.

पाण्यात काही खोट नव्हती. खोट हवेत होती. घरभर कार्बन डायऑक्साइड साचला होता, आणि टाकी बिचारी दिवसरात्र तो पीत होती. पण तीन माणसं आणि एक तान्हं बाळ श्वास सोडून सोडून किती सोडणार? एवढा वायू माणसांचा नव्हे. घरात काहीतरी जळत होतं आणि त्याचा धूर बाहेर जात नव्हता. आणि जिथे कोंडलेल्या हवेत गॅस जळतो तिथे कार्बन डायऑक्साइड एकटा येत नाही. त्याचा एक भाऊ असतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो आधी माणसाला गाढ झोप आणतो.

नेमकं त्याच क्षणी आतून भस्स असा आवाज आला. गॅसचा बंब पेटला होता. लेक वाट पाहून कंटाळून अंघोळीला गेली होती.

मीटर मावशींच्या हातून पायरीवर पडला. पाळणा दारापासून पाच पावलांवर होता. त्यांनी बाळाला दुपट्यासकट उचललं आणि बाहेर आल्या. बाळाची मान त्यांच्या दंडावर ओल्या कापडासारखी पडली. गल्लीत कुणी नव्हतं; फक्त समोरच्या घराच्या पेटीत पत्रं टाकणारा पोस्टमन, सायकल भिंतीला टेकवून उभा.

"हे धरा," मावशी म्हणाल्या.

"मी?"

"मान सांभाळा. दारापासून लांब उभे राहा. रुग्णवाहिका बोलवा, गॅस कोंडलाय म्हणून सांगा. आत येऊ नका."

पोस्टमननं पत्रांचा गठ्ठा खाली टाकला आणि दोन्ही हात पुढे केले.

मावशींनी छातीभर श्वास घेतला आणि आत शिरल्या. स्वयंपाकघरात आधी गॅसचा नळ बंद केला. बंबातली निळी-पिवळी ज्योत विझली. खिडकीची चिकटपट्टी नखांनी निघेना, तेव्हा त्यांनी कढई उचलून काचेवर मारली. गार वाऱ्याचा झोत आला. त्यात तोंड खुपसून त्यांनी दुसरा श्वास घेतला.

"कडी काढ," त्यांनी न्हाणीघराच्या दारावर थाप मारली.

आत पाणी पडत होतं.

"ऐकतेस का? कडी काढ, बाळा."

"हो..." आतून आलं. खूप लांबून आल्यासारखं. "येते..." मग काहीतरी बादलीवर आदळलं, आणि नुसता पाण्याचा आवाज उरला.

मावशी अंगानं किरकोळ. त्यांनी स्वयंपाकघरातलं लोखंडी स्टूल उचललं आणि कडी होती त्या जागी दारावर घातलं. एकदा, दोनदा. मनातल्या मनात त्या मोजत होत्या. थांबवता येत नव्हतं. पाचव्या घावाला चौकटीतले खिळे सुटले. सहाव्याला दार आत गेलं आणि लेकीच्या पायाला अडून अर्धं उघडलं.

ती भिंतीला टेकून घसरली होती. ओठ हलत होते. मावशींनी तिच्या अंगावर टॉवेल टाकला, काखांत हात घालून तिला मागे मागे ओढत आणलं, फुटलेल्या काचांवरून, उंबऱ्यावरून, पुढच्या खोलीतून. दारापर्यंत येता येता त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. उरलेली दोन पावलं कुणी दुसऱ्यानंच ओढलं. समोरच्या घरातली बाई पिठाच्या हातांनी तशीच धावत आली होती.

पायरीवर, उन्हात, लेकीला उलटी झाली. त्या उलटीचं मावशींना इतकं बरं वाटलं.

"पोरगी?" लेकीनं विचारलं.

पोस्टमन गल्लीच्या मध्यावर उभा होता, बाळाला छातीशी धरून, परीक्षेला बसल्यासारखा ताठ. "श्वास चालू आहे," तो म्हणाला. "मी सारखा बघतोय."

रुग्णालयात तिघींनाही प्राणवायू लावला. बाळाला काचेच्या छोट्या घुमटाखाली ठेवलं. डॉक्टरीण तरुण होती, शांत होती. तिनं रक्ताचे कागद पाहिले आणि मावशींच्या खाटेशी आली.

"याला वास नसतो. बहुतेकांना कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तुम्हाला कसं कळलं?"

मावशींनी तोंडावरचा मुखवटा जरा बाजूला केला. "माशांच्या पाण्याचा पीएच उतरत होता. क्षारता चौदा असून."

डॉक्टरणीनं परिचारिकेकडे पाहिलं. परिचारिकेनं मुखवटा परत बसवला आणि मावशींच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. भ्रम झाला असेल, असंच दोघींना वाटलं.

बाळाचं काही कळत नव्हतं. लेक तासाभरात बोलायला लागली, पण बाळ घुमटाखाली डोळे मिटून पडलेलं. दोनदा रक्त घेतलं, सुई टोचली तरी नुसतं कण्हलं. जावई आले, दुकानातला धुळीचा अंगरखा तसाच. ते काचेपाशी उभे राहिले आणि बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं टाळत होत्या आणि सारखं बघत होत्या. दोन वाजले. तीन वाजले. डॉक्टरीण येई, बघे, "वाट बघू" म्हणे आणि जाई. आशेचा एक शब्दही ती फुकट देत नव्हती, आणि मावशींना त्याबद्दल तिचा आदर वाटला.

पावणेचारला घुमटाखालून एक चिरका आवाज आला. मग दुसरा. मग बाळानं असा काही टाहो फोडला की शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठले. मुठी आवळून, पाय झाडून, तोंड लालबुंद करून ते रडत राहिलं. त्या मोठ्या खोलीत कुणीही त्याला गप्प केलं नाही. लेक रडत होती, परिचारिका हसत होती. जावई भिंतीकडे तोंड करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी गॅसवाला मिस्त्री येऊन बघून गेला. कपाट भिंतीला लावताना त्याचा वरचा कोपरा बंबाच्या धुराच्या नळीला लागला होता. नळी सांध्यातून निसटून कपाटामागे लोंबत होती. सगळा धूर घरात. आणि घराला फट म्हणून नव्हती.

जावयांनी हे ऐकलं आणि ते पायरीवर जाऊन बसले. मावशी मागून गेल्या.

"कपाट मी सरकवलं," ते म्हणाले. "पट्ट्या मी लावल्या. झरोका मीच बुजवला. आकडे जुळत नाहीत असं तुम्ही सांगितलंत, तर तुम्हालाच ऐकवलं."

"ऐकवलंत," मावशी म्हणाल्या. "राग आला होता मला."

"आणि आता?"

"आता नाही. तुम्ही थंडी अडवायला गेलात. कुणीही बाप जाईल. पण नळी तपासायला मिस्त्री बोलवायला हवा होता, हे खरंच आहे, आणि मी ते गोड करून सांगणार नाही."

जावयांनी मान हलवली. गोड न केलेलं त्यांना सोसलं असावं, कारण थोड्या वेळानं ते उठले आणि घरातल्या सगळ्या पट्ट्या त्यांनी एकेक करून ओढून काढल्या. टाकी कुणालातरी देऊन टाकतो, असंही म्हणाले.

"ती कशाला देता? तिनं काय वाकडं केलं?" मावशी म्हणाल्या. "तिच्याकडे बघा आधी."

टाकीची खरी परीक्षा आता सुरू झाली होती. घर उघडं झाल्यावर कोंडलेला वायू गेला, आणि चौदा क्षारतेच्या पाण्याचा पीएच उसळून आठ पूर्णांक सहावर गेला. जांभळ्या प्रवाळाची टोकं पांढरी पडायला लागली होती. तीन आठवड्यांची पावडर आता अंगावर आली होती. जावयांना एकदम अर्धं पाणी बदलून टाकायचं होतं. मावशींनी हात धरला. जे तीन आठवड्यांत चढलं ते एका दुपारी उतरवलं तर उरलंसुरलंही मरेल. मिठाचं ताजं पाणी आदल्या दिवशी कालवून ठेवायचं, त्याची क्षारता मोजायची, आणि रोज सहा लिटर जुनं काढून सहा लिटर नवं घालायचं. मोजायचं मावशींनी, बादल्या जावयांनी.

तेरा, मग तेराच, मग बारा. पाचव्या दिवशी लाल कोळंबा कपारीतून मिशा बाहेर काढून बघून गेला. आठव्या दिवशी हिरवी बोटं उलगडली. जांभळं प्रवाळ मात्र वाचलं नाही. बुंध्यापासून त्याची कातडी सुटत गेली आणि खाली पांढरं हाड उरलं. जावयांनी ते बाहेर काढलं, धुतलं, आणि बराच वेळ हातात धरून उभे राहिले. सहा वर्षांचं होतं ते.

एक गोष्ट मात्र त्या रोज बघत होत्या. रुग्णालयातून आल्यापासून जावई बाळाला घेत नव्हते. पाळण्याशी जात, पांघरूण सारखं करत, श्वास बघत. लेकीनं पुढे केलं तर "हात गार आहेत" म्हणत, "कपडे धुळीचे आहेत" म्हणत. लेक आईकडे बघे, आई कुपीकडे.

तिसऱ्या आठवड्यात बाळाची तपासणी झाली. डॉक्टरणीनं खुळखुळा वाजवला, दिवा फिरवला, हातपाय ओढून पाहिले. सगळं वयाप्रमाणे आहे म्हणाली. पण खात्री लगेच देता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा आणा. मग जाता जाता तिनं मावशींना थांबवून विचारलं, "ते पीएचचं तुम्ही खरंच म्हणत होतात?" मावशींनी वाडग्यांची गोष्ट सांगितली. तिनं ती उभ्या उभ्या पूर्ण ऐकली.

घरी आल्यावर लेक दमून आडवी झाली. संध्याकाळ व्हायला आली होती, खिडक्या उघड्या होत्या, आणि बाळ पाळण्यात नुसतं किंचाळत होतं. मावशी टाकीपाशी कुपी घेऊन बसल्या होत्या. जावई दारात, काय करावं न कळून.

"उचला तिला," मावशी कुपीवरची नजर न काढता म्हणाल्या. "मी मधेच सोडलं तर मला पहिल्यापासून मोजावं लागेल."

जावयांनी हात पँटला पुसले, पुन्हा पुसले. मग वाकून त्यांनी बाळाला उचललं. ते आणखी जोरात रडलं. जावई त्याला खांद्यावर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालू लागले, कपाट परत आलं होतं तिथपासून खिडकीपर्यंत आणि परत. मागे मावशी मोजत होत्या, "आठ... नऊ."

कुपी पिवळी झाली. मावशींनी कागदावर नऊ लिहिलं. बाळ अजून रडतच होतं, आणि जावयांच्या सदऱ्याचा खांदा ओला झाला होता.

"परवाची गाडी बघू का आता?" मावशींनी विचारलं.

"पुढच्या महिन्याची बघा, आई," जावई चालता चालता म्हणाले.